यंत्र मुरायला लागणारी वर्षे

पुण्याच्या सांस्कृतिक इतिहासाचे टप्पे सांगायला बसले की आपण बहुधा यंत्रांच्या आगमनाच्या तारखा सांगतो. १८७८ साली विष्णुशास्त्री चिपळूणकरांची चित्रशाळा निघाली आणि शिळाछापावरची देवादिकांची रंगीत चित्रे घराघरांत पोचली. १९१५ साली मंडईजवळ आर्यन सिनेमा उभा राहिला, १९३३ साली प्रभात फिल्म कंपनी कोल्हापूरहून इथे आली, २ ऑक्टोबर १९५३ रोजी आकाशवाणीचे पुणे केंद्र सुरू झाले, १९८८ साली सी-डॅकची स्थापना झाली. या तारखा खऱ्या आहेत आणि ठाऊक असायलाच हव्यात. परंतु यांपैकी कोणत्याही दिवशी या शहराच्या सर्जनशीलतेत काही पालटले असे दाखवता येत नाही. नवे यंत्र येते तेव्हा ते प्रथम स्वतःचेच प्रदर्शन मांडते. पडदा बोलतो याचेच नवल असते. तो काय बोलतो इकडे लक्ष मागाहून जाते. पुढील पानांत ज्या काळाचा मागोवा घेतला आहे तो वाचताना माझे एक मत पक्के होत गेले, आणि ही प्रस्तावना त्या मताच्या समर्थनासाठी आहे. खरा टप्पा यंत्र येते तेव्हा पडत नाही, ते मुरते तेव्हा पडतो. या दोन घटनांमध्ये काही वर्षे जातात. त्या वर्षांत यंत्राच्या आतपर्यंत इथल्या माणसांचा हात पोचला आणि त्या हातांना आधीच्या एखाद्या कलेची जुनी तालीम असली, तर काहीतरी नवे जन्माला येते. या दोहोंपैकी एक गोष्ट जरी उणी राहिली, तरी यंत्र केवळ वापरले जाते.

बोलपटाचे उदाहरण सर्वांत स्पष्ट आहे. मार्च १९३१ मध्ये मुंबईत 'आलम आरा' लागला आणि पुढल्याच वर्षी प्रभातने कोल्हापुरात 'अयोध्येचा राजा' हा पहिला मराठी बोलपट केला. ध्वनी आला त्याने आरंभी सिनेमाचे नुकसानच केले. मूकपटाच्या अखेरच्या वर्षांत मोकळा झालेला कॅमेरा पुन्हा जखडला गेला, नटांना मायक्रोफोनच्या टप्प्यात उभे राहावे लागले, गाणे आणि चित्र एकाच वेळी टिपायचे असल्याने वादकांना चौकटीबाहेर कुठेतरी दडवावे लागले, आणि संगीत नाटकातली पदांची दाटी तशीच्या तशी पडद्यावर आली. ध्वनी हा चित्रपटकलेवरचा घाला आहे असे त्या वेळी कुणी म्हटले असते, तर त्याला पुरावे भरपूर मिळाले असते. प्रभातमध्ये मात्र विष्णुपंत दामले यांनी ध्वनिलेखनाचे काम स्वतःच्या हातात घेतले. दामले आणि त्यांचे सहकारी फत्तेलाल दोघेही बाबुराव पेंटरांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत तयार झालेले. स्वतःचा कॅमेरा कोल्हापुरात बनवणारे बाबुराव हे मुळात पडदे रंगवणारे कलावंत होते. अशा माणसाच्या हाताखाली शिकलेल्यांना यंत्र उघडून पाहणे आणि चित्राची रेषा पक्की करणे ही दोन वेगळी कामे वाटत नसत. प्रभातची माणसे मासिक पगारावर होती, एका आवारात राबत होती, आणि एका चित्रपटात चुकलेले पुढच्या चित्रपटात सुधारण्याची सवड त्यांना होती.

या सवडीचे फळ १९३६ आणि १९३७ या दोन वर्षांत दिसते. 'कुंकू'मध्ये व्ही. शांताराम यांनी नेहमीचे पार्श्वसंगीत वगळले आणि प्रसंगातल्या वस्तूंच्या, वातावरणातल्या आवाजांवर भिस्त ठेवली. पाच वर्षांपूर्वी जो ध्वनी मिरवण्याची गोष्ट होता, तो आता कमी करता येत होता, थांबवता येत होता. यंत्र मुरल्याची याहून मोठी खूण मला माहीत नाही. दामले-फत्तेलाल यांचा 'संत तुकाराम' त्याच्या एक वर्ष आधीचा. त्यात चमत्कार आहेत, इंद्रायणीतून वर येणाऱ्या वह्या आहेत, वैकुंठाचे विमान आहे. फाळक्यांच्या काळापासून छायाचित्रणातली ही करामत प्रेक्षकांना खेचत आली होती. पण 'संत तुकाराम' पाहणाऱ्याचे डोळे विमानापेक्षा जिजाईकडे लागतात. देवावर रुसणारी, त्याला वहाण दाखवणारी, नवरा सदेह वैकुंठाला निघाला तरी आपले घर धरून राहणारी ही बाई. ही भूमिका करणाऱ्या गौरी या प्रभातमध्येच साध्या कामाला असलेल्या बाई होत्या. करामत आता कथेच्या चाकरीला लागली होती. केशवराव भोळ्यांचे संगीत आणि विष्णुपंत पागनीसांचे गाणे यांतही तेच घडले: नाट्यगीताची फिरत मागे सरली आणि भजनाचा साधा उच्चार पुढे आला, कारण मायक्रोफोनमुळे आता रंगमंचावरून शेवटच्या रांगेपर्यंत आवाज फेकण्याची गरज उरली नव्हती. शांताराम आठवल्यांनी या चित्रपटासाठी बीज आणि वृक्षाच्या प्रतिमेवर एक अभंग लिहिला, आणि तो तुकोबांचाच आहे अशी समजूत अनेकांनी वर्षानुवर्षे बाळगली. व्हेनिसच्या महोत्सवात १९३७ साली या चित्रपटाचा गौरव झाला याचा आपण अभिमान धरतो, तो योग्यच आहे. परंतु तीनशे वर्षे अभंग कानात असलेल्या समाजाने चित्रपटातला नवा अभंग जुना म्हणून स्वीकारला, ही पावती मला अधिक मोलाची वाटते.

याच्या उलट उदाहरणही प्रभातचेच आहे, आणि ते सहसा ओझरते सांगून सोडले जाते. १९३३ साली कंपनीने 'सैरंध्री' रंगीत करण्याचे धाडस केले. त्या रंगांवरची प्रक्रिया जर्मनीत झाली आणि हाती आलेला परिणाम निराशाजनक निघाला. माणसे तीच, हौस तीच, ध्वनीच्या वेळची चिकाटीही तीच. फरक एवढाच की ध्वनीचे यंत्र दामल्यांच्या हाताखाली होते आणि रंगांची किमया हजारो मैल दूरच्या प्रयोगशाळेत होती. काय चुकले ते पाहून दुसऱ्या दिवशी पुन्हा करून बघण्याची सोय नव्हती. प्रतिभावंतांच्या हाती नवे साधन दिले की नवी कला आपोआप निपजते, हा समज या एका घटनेने खोटा ठरतो.

१९५३ हे वर्ष पुण्याच्या बाबतीत विलक्षण आहे. त्याच वर्षी प्रभात बंद पडली, त्याच वर्षी नभोवाणी केंद्र सुरू झाले, आणि गुरूच्या स्मरणार्थ भीमसेन जोशींनी सवाई गंधर्व महोत्सव सुरू केला तोही त्याच वर्षी. नभोवाणीचे पहिले दीड वर्ष इतर केंद्रांसारखेच गेले. केंद्रीय मंत्री बाळकृष्ण केसकर यांच्या धोरणामुळे त्या काळात आकाशवाणीवरून चित्रपटगीते जवळपास हद्दपार झाली होती आणि केंद्रांना स्वतःचे सुगम संगीत उभे करणे भाग होते. या गरजेतून पुणे केंद्राचे सीताकांत लाड यांनी ग. दि. माडगूळकरांपुढे एका मालिकेची कल्पना मांडली. १ एप्रिल १९५५ रोजी, शुक्रवारी, रामनवमीला 'गीतरामायण' सुरू झाले आणि १९ एप्रिल १९५६ च्या रामनवमीला ५६ व्या गीताने संपले. ५२ आठवड्यांचे वर्ष ५६ गीतांवर कसे गेले याचे उत्तर पंचांगात आहे. त्या वर्षी अधिक मास आला होता. दर शुक्रवारी एक गीत या हिशेबाने १३ एप्रिलपर्यंत ५५ होतात, आणि शेवटचे रामनवमीच्या दिवशी. नभोवाणीचे वेळापत्रक आणि चांद्र पंचांग या दोहोंच्या मापात एक महाकाव्य कापले गेले. हे माप बाहेरून लादलेले होते, तरी कवीने ते रचनेचे तत्त्व करून टाकले. प्रत्येक गीत स्वतःत पूर्ण हवे, कारण ऐकणाऱ्याला मागे जाऊन पुन्हा वाचता येणार नाही. प्रत्येक गीत कुणाच्या तरी तोंडचे हवे, कारण पडदा नाही, नट नाही, फक्त गळा आहे. म्हणून कथन निवेदकाच्या हातून सुटून पात्रांच्या मुखी गेले, आणि माणिक वर्मा, वसंतराव देशपांडे, मालती पांडे, बबनराव नावडीकर अशा वेगवेगळ्या आवाजांना पात्राचे रूप मिळाले. आदल्या आठवड्याचे गीत लोकांच्या ओठी असताना पुढचे लिहिले जात होते. छापील ग्रंथाच्या कवीला असा श्रोता कधी मिळाला नव्हता. कीर्तनकाराला मात्र तो नेहमीच मिळत आला होता, आणि माडगूळकरांच्या रचनेत कीर्तनाची ती जुनी तालीम पानोपानी जाणवते.

इथे पहिला आक्षेप येतो. हे सारे माडगूळकर आणि संगीतकार सुधीर फडके या दोन असामान्य माणसांचे कर्तृत्व आहे, त्यात नभोवाणीचे किंवा कुठल्या संस्थेचे श्रेय काय? अशी माणसे कुठल्याही काळात काहीतरी मोठे करतीलच, असे म्हणणारे पुष्कळ आहेत. मी त्या दोघांची थोरवी कणभरही कमी करू इच्छित नाही. पण १९५५ साली त्यांच्यापाशी असलेले कसब कुठून आले होते हे विचारायला हवे. फडक्यांनी चित्रपटाला संगीत देण्याचा आरंभ प्रभातच्या 'गोकुळ'पासून १९४६ साली केला. त्याआधी ध्वनिमुद्रिकेच्या तीन-साडेतीन मिनिटांत चाल कशी बसवायची, मुखडा किती लवकर यावा, अंतऱ्यात किती श्वास राखावा, हे शिक्षण त्यांना तबकडीने दिले होते. माडगूळकरांनी १९४७ च्या 'लोकशाहीर रामजोशी'सारखे चित्रपट लिहून प्रसंगातून गीत उगवण्याची शिस्त कमावली होती. म्हणजे नभोवाणी दीड वर्षाची असली तरी तिच्यासमोर बसलेल्या माणसांनी तबकडी आणि बोलपट ही दोन यंत्रे आधीच पचवली होती. प्रतिभा व्यक्तीची असते. तिला लागणारी वर्षे मात्र एकट्याने काढता येत नाहीत. भीमसेन जोशींची हकिगत सर्वांना ठाऊक आहे. अब्दुल करीम खाँसाहेबांच्या ठुमरीची ध्वनिमुद्रिका कानावर पडली आणि वयाच्या अकराव्या वर्षी, १९३३ साली, त्यांनी घर सोडले. ही हकिगत तबकडीच्या सामर्थ्याची म्हणून सांगितली जाते, पण ती अर्धीच सांगितली जाते. तबकडीने त्यांना ओढ लावली, घराबाहेर काढले. गायक मात्र त्यांना कुंदगोळने केले, जिथे खाँसाहेबांचेच शिष्य सवाई गंधर्व यांच्या घरी पाणी भरत, सूर लावत त्यांनी वर्षे घालवली. तबकडीत तीन मिनिटांची ठुमरी मावत होती, ती गळ्यात उतरवण्याची पद्धत तिच्यात मावत नव्हती.

दुसरा आक्षेप अधिक बिनतोड वाटतो. पुण्याच्या रंगभूमीवरचा सर्वांत मोठा विस्फोट म्हणजे 'घाशीराम कोतवाल', आणि त्यात यंत्र कुठे आहे? १६ डिसेंबर १९७२ रोजी भरत नाट्य मंदिरात विजय तेंडुलकरांचे हे नाटक जब्बार पटेलांनी उभे केले ते माणसांची एक रांग, कीर्तन, लावणी आणि लोकनाट्याची रीत यांवर. हे खरे आहे. तरी असे नाटक १९७२ मध्येच का सुचले आणि १९४२ मध्ये का नाही, याचा विचार केला तर सिनेमाला वगळून उत्तर देता येत नाही. हुबेहूब दिवाणखाना आणि हुबेहूब संभाषण दाखवण्याचे काम चित्रपटाने इतके पूर्णपणे उचलले होते की नाटकाला ते करत राहण्याचे कारण उरले नव्हते, आणि जे फक्त जिवंत देहांनीच होते तिकडे ते वळले. शिवाय नाटकाचे संगीतकार भास्कर चंदावरकर फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये शिकवत होते, त्याच आवारात जिथे १९६० साली प्रभातच्या जागी ती संस्था सुरू झाली. १९६४ साली स्थापन झालेल्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयामुळे जगभरचे चित्रपट या शहरातल्या तरुणांच्या नजरेखालून जाऊ लागले होते. एक कला दुसरीला अशा आडवळणानेही घडवते, आणि तो परिणाम यंत्रांच्या यादीत कधी सापडत नाही.

तिसरा आक्षेप मला सर्वांत गंभीर वाटतो. प्रभात, आकाशवाणी, इन्स्टिट्यूट, या साऱ्या फाटक असलेल्या जागा होत्या. आत कुणाला घ्यायचे हे ठरवणारे कुणीतरी होते, आणि ठरवणाऱ्यांची जात, बोली, शाळा बहुधा ठरलेली होती. आवाज-चाचणीत न बसणाऱ्या गळ्यांचे काय? संस्थेशिवाय सर्जन नाही असे म्हणणे म्हणजे पेठांबाहेरच्या, गावकुसाबाहेरच्या समाजांना सर्जनातून वगळणे नव्हे काय? या प्रश्नाचे उत्तर कॅसेटने दिले. ऐंशीच्या दशकात कॅसेट स्वस्त झाली, ध्वनिमुद्रणाची मक्तेदारी मोडली, आणि प्रल्हाद शिंदे, आनंद शिंदे यांचे आवाज रिक्षांत, चाळींत, वस्त्यांत, १४ एप्रिलच्या मिरवणुकांत घुमू लागले. भीमगीतांना जो श्रोता मिळाला तो कुठल्याही अधिकृत माध्यमाने दिला नव्हता. पण ही गाणी कॅसेटबरोबर उपजली असे समजणे हा त्या गायकांवरचा अन्याय आहे. १९३०च्या दशकापासून आंबेडकरी जलसे गावोगाव फिरत होते. वामनदादा कर्डकांनी (१९२२–२००४) आयुष्यभर हजारोंच्या सभांसमोर गाणी रचली आणि गाईली. सत्यशोधकी जलसा, तमाशाचा फड, भजनी मंडळ ही त्या परंपरेची विद्यापीठे होती. त्यांना छप्पर नव्हते, पगार नव्हता, पण गुरू होते, तालीम होती, चुकले की तिथल्या तिथे सांगणारा समुदाय होता. कॅसेटच्या ध्वनिमुद्रणात काय करावे हे या गायकांना इतक्या लवकर कळले, कारण समोरच्या माणसापर्यंत शब्द कसा पोचवायचा याची अर्ध्या शतकाची विद्या त्यांच्यापाशी होती. माझा युक्तिवाद या उदाहरणाने मोडत नाही, तो दुरुस्त होतो. मी ज्याला संस्था म्हणतो तिची व्याख्या इमारतीवरून करता कामा नये.

यानंतर संगणकाकडे वळले की चित्र बदलते, आणि हे प्रकरण मला सर्वांत कमी लिहिले गेलेले वाटते. अमेरिकेने क्रे महासंगणक नाकारला म्हणून पुण्यात सी-डॅक उभी राहिली आणि १९९१ साली 'परम ८०००' तयार झाला, ही कथा शाळकरी मुलांनाही सांगितली जाते. त्याच संस्थेत भारतीय लिप्या संगणकावर आणण्याचे 'जिस्ट'चे काम वाढले. मूळ कानपूरच्या आयआयटीतले हे तंत्र पुण्यात आले, त्यातून भारतीय लिप्यांसाठी एक समान संकेतन ठरले, आणि पुढे युनिकोडमधल्या देवनागरीची मांडणी त्याच पायावर झाली. मॉड्युलर इन्फोटेकसारख्या पुणेरी कंपनीची 'श्रीलिपी' छापखान्यांत पोचली. खिळे जुळवणाऱ्यांच्या जागी डीटीपीवाले आले आणि दिवाळी अंकांचे रूप पाहता पाहता पालटले. इथल्या हातांचा यंत्राच्या आत इतका खोल प्रवेश दामल्यांच्या नंतर प्रथमच झाला होता. तरीही मुरायला फार वेळ लागला, कारण छपाईसाठी बनलेल्या निरनिराळ्या फॉन्टांनी प्रत्येकी आपापले संकेतन धरले आणि एका संगणकावर लिहिलेला मजकूर दुसऱ्यावर निरर्थक चिन्हांची रांग होऊन उघडे. कागदावर अक्षर देखणे उमटत होते. आतमध्ये ते मराठी नव्हतेच. म्हणून जिथे मराठी संगणकावर आली त्याच शहरातली मुले मोबाइलवर पहिली मराठी रोमन लिपीत लिहायला शिकली. युनिकोड आणि फोनवरचा देवनागरी कळफलक सर्वत्र झाल्यावरच ब्लॉग, समाजमाध्यमांवरचे दीर्घ लेखन, यूट्यूबवरच्या मराठी मालिका हा सारा बहर आला. आगमन आणि मुरणे यांत या खेपेस जवळपास दोन दशके गेली.

आता यंत्रच मजकूर, चित्र आणि चाल रचून देते अशी वेळ आली आहे, आणि पुण्यातल्या प्रत्येक लेखकाला, चित्रकाराला, संगीतकाराला त्याविषयी मत विचारले जाते. या क्षणीच निकाल देणे म्हणजे १९३२ साली बोलपटावर निकाल देण्यासारखे होईल, असे मला वाटते. पण 'सैरंध्री'चे रंग मला इथे वारंवार आठवतात. या यंत्रांची प्रयोगशाळा पुन्हा एकदा दूर आहे, तिचे दार बंद आहे, आणि चुकले तर उघडून पाहण्याची सोय आपल्याला बहुधा नाही. आपल्या हातात असलेली गोष्ट म्हणजे या यंत्रांना मिळणारी मराठी. ती आज तुटपुंजी आहे, आणि याचे एक कारण आपणच निर्माण केले आहे. नव्वदच्या दशकातली आणि पुढच्या काही वर्षांतली वर्तमानपत्रे, दिवाळी अंक, कादंबऱ्या, गॅझेटे, अभ्यासग्रंथ यांचा मोठा भाग त्या जुन्या संकेतनांत अडकून पडला आहे. तो छापलेला आहे, क्वचित फायलींतही आहे, पण कुठल्याही शोधयंत्राला तो दिसत नाही. मराठी गद्याचा हा एक अत्यंत समृद्ध कालखंड यंत्रांच्या दृष्टीने कोरा आहे. तो वाचनीय करण्यासाठी परदेशी प्रयोगशाळेची वाट पाहण्याचे कारण नाही. ज्यांनी ती संकेतने घडवली, ज्या डीटीपीवाल्यांना कोणत्या फॉन्टात कोणते जोडाक्षर कुठे बसवले आहे हे अजून तोंडपाठ आहे, ती माणसे याच शहरात आहेत. सदाशिव-नारायण पेठांतल्या छापखान्यांतल्या आणि प्रकाशकांकडच्या संगणकाच्या जुन्या तबकड्या अजून पुरत्या निकामी झालेल्या नाहीत. हे काम पुढची चार-पाच वर्षेच करता येण्याजोगे आहे.